सल्ला लिहा, पण खात्री किती आहे तेही लिहा

ठाण्यातल्या आहारतज्ज्ञांना आणि डॉक्टरांना,

सविनय नमस्कार.

तुम्ही लिहून दिलेले डाएट चार्ट रोज माझ्यापर्यंत येतात. नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गिऱ्हाइकं चार्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, यातलं तुमच्याकडे काय जमेल?" पूर्वी असे फोटो नौपाडा, चरई, पाचपाखाडीतून यायचे, आता घोडबंदर रोडवरच्या टॉवरांतूनही येतात. मी गृहविज्ञान शिकले आहे, त्यामुळे चार्टमधली भाषा मला कळते. स्वयंपाक हा धंदा असल्यामुळे त्या भाषेचं ताटात काय होतं तेही मला दिसतं. ते तुम्हाला दिसत नसावं असं वाटतं, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगते. गोळ्या बंद करा, इन्सुलिन सोडा आणि काढा प्या, असं सांगणाऱ्यांशी माझं काहीही नातं नाही. अशा माणसांच्या नादी लागून पाय गमावण्याची वेळ आलेली माणसं याच शहरात आहेत. माझी तक्रार औषधांबद्दल नाही, खाण्याच्या सल्ल्यांबद्दल आहे. तुमचा सल्ला येतो तो शंभर टक्के खात्रीच्या सुरात. काही वर्षांनी तो बदलतो आणि बदलला हे कुणी सांगतसुद्धा नाही. ज्यांनी तो मनापासून पाळला, ते तसेच पाळत राहतात.

तेलापासून सुरुवात करते, कारण माझा सगळ्यात मोठा खर्च तोच. तुपाला पर्याय म्हणून आपल्याकडे वनस्पती तूप आलं. डालडा १९३७ पासून बाजारात आहे. त्यात अ जीवनसत्त्व घालणं सरकारनं बंधनकारक केलं, त्यामुळे लोकांच्या मनात त्याच्यावर पौष्टिकतेचा शिक्काही बसला. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं. त्यानं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कमी होतं, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० साली दाखवून दिलं. आपल्याकडे तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत माझ्या वयाच्या किती बायकांना "साजूक तूप बंद" असं सांगितलं गेलं ते आठवून पाहा. वरणभातावरचं चमचाभर तूप गेलं, पण संध्याकाळच्या चहाबरोबरची बेकरीतली खारी चालूच राहिली. खारीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मग करडई. आपल्याच मातीतलं पीक, सोलापूरचं, मराठवाड्याचं. घरात कुणाला हृदयाचं दुखणं निघालं की शेंगदाणा तेलाचा डबा बाजूला व्हायचा आणि करडईचं तेल यायचं. मीही कित्येक वर्षं हृदयरोग्यांचे डबे वेगळ्या कढईत, करडईच्या तेलात केले. आता हे ऐका. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात, सिडनीमध्ये, हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या जवळपास अर्ध्यांना लोणी आणि प्राण्यांच्या चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गरिन, म्हणजे कृत्रिम लोणी, दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. मृत्यू मात्र त्याच गटात जास्त झाले, १७.६ टक्के. दुसऱ्या गटात ११.८ टक्के. जुनी माहिती शोधून काढून त्याचं पूर्ण विश्लेषण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं ते २०१३ साली.

यावरून करडई विष ठरत नाही, हे मलाही कळतं. एक प्रयोग, तोही छोटा आणि फक्त पुरुषांवरचा. कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या अभ्यासकांनी २०२० साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. संपृक्त चरबी, म्हणजे तूप-लोण्यात असते तशी, कमी केली की हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, पण एकूण मृत्यूंमध्ये फारसा फरक दिसत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे सल्ल्यात तथ्य आहे, पण ते मोजकं आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या ठसक्यात "हेच तेल वापरा" असं सांगितलं गेलं, तेवढा आधार त्यामागे कधीच नव्हता. "थोडा फायदा होईल असं दिसतं, खात्री मध्यम आहे" असं सांगितलं असतं तर लोकांनी तेवढंच मनावर घेतलं असतं.

अंड्याचंही तसंच. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनच बलक, असं सांगितलं. ही तीनशेची मर्यादा अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शनातून काढून टाकली. माझ्याकडे आजही "फक्त पांढरा भाग" असं लिहिलेले चार्ट येतात. काही रुग्णांना ते खरोखर लागू असेल, पण चार्टवर कारण लिहिलेलं नसतं.

साखरेची गोष्ट तर जास्त दुखावणारी. १९६५ साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ मध्ये त्यांचा लेख मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात हृदयविकाराचा दोष चरबीवर गेला आणि साखरेवरचा संशय सौम्य झाला. पैसे कुणी दिले हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. ते कागद बाहेर आले २०१६ साली. तोवर "लो फॅट" लिहिलेल्या गोड दह्यांनी आणि बिस्किटांनी दुकानं भरून गेली होती. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलं की बोर्नव्हिटासारखी पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. किती पिढ्यांना आपण ते पौष्टिक म्हणून दुधात घालून दिलं!

हे सगळं अमेरिका-ऑस्ट्रेलियातलं, आपला काय संबंध, असं म्हणाल. संबंध असा की चार्ट तिथूनच येतो आणि शरीर मात्र इथलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण दिलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघंही अगदी व्यवस्थित. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आईच्या खाण्यातल्या एकूण उष्मांकांपेक्षा तिनं पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध आहे. पालेभाजी! माझ्याकडे येणाऱ्या गरोदर मुलींच्या चार्टमध्ये पावडरचं नाव ठळक अक्षरांत असतं आणि पालेभाजी "हिरव्या भाज्या" या दोन शब्दांत उरकलेली असते. कुठली, किती, आणि निवडून चिरणार कोण, हे काहीच नाही.

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर स्थूलता, हे आपल्याच डॉक्टरांनी २००९ मध्ये एकत्र बसून ठरवलं. तरी सोसायट्यांच्या आरोग्य शिबिरांत आजही २५ पर्यंतच्या माणसाला "नॉर्मल" असा छापील कागद हातात मिळतो. तो घेऊन लोक खुशीत माझ्याकडे येतात आणि जिलेबीची ऑर्डर देतात.

आता माझ्या ओट्याजवळ या. चार्टमध्ये लिहिलेलं असतं, "दुपारी २ पोळ्या, १ वाटी भाजी, १ वाटी वरण." एक पोळी म्हणजे किती? माझ्याकडे लाटणाऱ्या बायकांच्या उंड्यांचं मी एकदा काट्यावर वजन केलं. फुलक्याचा उंडा २५ ग्रॅमच्या आसपास, घडीच्या पोळीचा ४५ च्या पुढे, शिवाय घडीत तेल आणि वरून तेल. म्हणजे चार्टमधल्या दोन पोळ्या एका घरी ज्या होतात, दुसऱ्या घरी त्याच्या जवळजवळ दुप्पट होतात. वाटीचं तर विचारूच नका. लग्नात मिळालेली स्टीलची वाटी वेगळी, आमटीची वाटी वेगळी, आणि आमच्या पार्सलचा प्लास्टिकचा डबा तिसराच. वरणाचंही तेच. पळीत डाळ किती आणि पाणी किती, यावर सगळा हिशेब फिरतो. पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ फार तर मूठभर असते. चार्टमध्ये उष्मांक दशांशापर्यंत लिहायचे आणि वाटी कुठली ते विचारायचंही नाही, ही कुठली अचूकता?

आमच्या गल्लीत निवृत्त झालेल्या एक शिक्षिका एकट्या राहतात. मधुमेह, रक्तदाब आणि किडनीचा थोडा त्रास. तीन डॉक्टर, तीन कागद. एकानं लिहिलं, डाळी-उसळी वाढवा. दुसऱ्यानं लिहिलं, डाळी मोजून. एकानं फळं, नारळपाणी सांगितलं. दुसऱ्यानं पोटॅशियममुळे त्यावर फुली मारली. भात तिघांनीही बंद केला होता. एके दिवशी त्यांनी तिन्ही कागद माझ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "बाई, आता तूच सांग, खाऊ काय?" मला सांगता आलं नाही, आणि सांगायचा अधिकारही नाही. त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. पण मधल्या काळात त्या रात्री चहा आणि मारी बिस्किटांवर झोपत होत्या. बिस्किटांवर तिघांपैकी कुणीच बंदी घातली नव्हती. पाकिटामागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, आणि त्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं होतं. मी तिथेच वाचून दाखवलं.

तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतील. पण तिन्ही सल्ले एकाच पोटात जाणार आहेत, हे बघायची जबाबदारी कुणाची?

तुमच्याकडून एकवाक्यता मिळत नाही म्हणून लोक मग बाजू निवडतात. काही वर्षांपूर्वी "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" हा प्रश्न ठाण्यात लग्नाच्या पंगतीतही विचारला जायचा. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाणं. एकाच घरातून नवऱ्यासाठी एका पद्धतीचा आणि बायकोसाठी दुसऱ्या पद्धतीचा डबा मी दिलेला आहे. दोघांचंही वजन काही काळ उतरलं. मला वाटतं, दोघांनीही या निमित्तानं फरसाण आणि येता-जाता तोंडात टाकणं सोडलं, त्याचा तो परिणाम असावा. पण हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नाही. शास्त्र काय म्हणतं ते त्या काळात मोठ्या आवाजात कुणी सांगितलं नाही.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते प्रथिनांबद्दल, कारण सध्या प्रत्येक चार्टवर तोच शब्द आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीही असाच गजर झाला होता. जगात प्रथिनांची प्रचंड तूट आहे, असं मोठमोठ्या संस्था सांगत होत्या. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं प्रथिनांचं संकट येऊ घातल्याचा अहवालच काढला. माशांची भुकटी, ब्रेडमध्ये लायसिन हा प्रथिनांतला घटक, अशा योजना निघाल्या. तेव्हा या गजराला आकड्यांनी उत्तर देणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा होता. डॉ. पां. वा. सुखात्मे रोममध्ये अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी आहार-पाहणीचे आकडे पुन्हा मांडले आणि दाखवलं, की ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. त्यांना त्यांचं नेहमीचं जेवण पुरेसं द्या, प्रथिनांची गरज बऱ्याच अंशी त्यातूनच भागेल. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले. १९७४ मध्ये डोनल्ड मॅक्लारेन यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं, की या चुकीच्या दिशेत पैसा आणि कितीतरी वर्षं वाया गेली, आणि मुलं कुपोषणाला बळी पडत राहिली.

भुकेल्या मुलाला भाकरी द्यायची, हे सांगायला एका संख्याशास्त्रज्ञाला उभ्या जगाच्या तज्ज्ञांशी भांडावं लागलं. सुखात्म्यांचं नाव तुमच्या अभ्यासक्रमात किती ठळक आहे ते मला माहीत नाही. माझ्या वेळी एका ओळीत होतं.

आजचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य. आठ-सव्वाआठची लोकल पकडून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या ठाणेकराला पोटभर अन्नाची चणचण नाही. त्याच्या ताटात पिठूळ जास्त आणि डाळ कमी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मोठ्या पाहणीनं २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत असं सांगितलं. त्याच पाहणीतल्या आहाराच्या माहितीवरून २०२५ मध्ये जे पुढे आलं, ते माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारं आहे, तरी लिहिते. भारतीयांच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि गव्हाऐवजी किंवा तांदळाऐवजी भरडधान्य खाल्लं म्हणून आपोआप धोका घटत नाही. एकूण पिठूळ कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही यांतली प्रथिनं आली तर फरक दिसतो. २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून माझ्याकडे ज्वारी-नाचणीच्या भाकरीची मागणी वाढली, आणि भाकरीचा दर पोळीपेक्षा जास्त आहे. "पोळी बंद, भाकरी सुरू" एवढंच लिहिलेले चार्ट माझ्या फायद्याचे आहेत. पण चार पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाणाऱ्याला "पिठूळच कमी करा आणि उसळीची वाटी मोठी करा" हे कुणी सांगायचं? मी सांगते तेव्हा लोक म्हणतात, चार्टमध्ये तसं नाही.

आणि प्रथिनं म्हटलं की चार्टवर पावडर येते. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय. निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची उसळ, दही, अंडं, किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या बाईकडून आणलेला बांगडा. हे जमवणं अशक्य नाही. ही तत्त्वं सगळ्यांना फुकट वाचता येतात आणि मला ती बरीचशी समंजस वाटली. मग माझ्याकडे येणाऱ्या चार्टांत ती का दिसत नाहीत?

मला तुमच्याकडून काय हवंय ते आता सरळ लिहिते. चार्टच्या तळाशी एक-दोन ओळी वाढवा. हा सल्ला कशावरून दिला, तो कुठल्या लोकांवर तपासला गेला, आणि तुमची खात्री किती: भक्कम, मध्यम की अंदाज. "साखर कमी, मीठ कमी, तंबाखू बंद, रोज चाला" याखाली बिनधास्त "भक्कम" लिहा. बाकीच्यापुढे जे खरं असेल ते. लोकांना अनिश्चितता झेपत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. पावसाचा अंदाज रोज चुकतो, तरी लोक तो ऐकून छत्री घेतात.

सल्ला बदलला की जुन्या रुग्णांना कळवा. कृत्रिम गोडव्याच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं. मधुमेह असलेल्यांना ते लागू नाही, हेही त्यात होतं. हे ज्यांना तुम्ही पूर्वी त्या गोळ्या लिहून दिल्या त्यांना कुणी सांगितलं? औषधाची वेळ चुकू नये म्हणून तुमच्या दवाखान्यातून मेसेज येतो, मग हाही येऊ शकतो.

आणि पैशांचं. तुमच्या परिषदा, कार्यशाळा, पेन, डायऱ्या यांमागे कुठली खाद्य कंपनी असेल तर ती चार्टवर लिहा. बाळाच्या दुधाच्या डब्यांबाबत आपल्या देशानं १९९२ सालीच कायदा केला. ते डबे बनवणाऱ्यांना डॉक्टरांच्या सभा-संमेलनांना पैसे द्यायला बंदी आहे. बाळाला जे संरक्षण मिळालं ते त्याच्या आजीला मिळायला काय हरकत आहे?

चार्ट लिहिण्याआधी एवढंही विचारा: घरात स्वयंपाक कोण करतं, रात्री किती वाजता जेवता, महिन्याला भाजीवर किती खर्च करू शकता. वागळे इस्टेटमध्ये पाळीत काम करणारा माणूस अ‍ॅव्होकॅडो आणणार नाही. पण पावसाळ्यात येऊरच्या बायका टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसतात, ते तो नक्की आणेल, फक्त तुम्ही नाव लिहा. त्या टोपल्यांतल्या भाज्यांची नावं एकाही चार्टवर मी अजून वाचलेली नाहीत.

दुपारी अडीच ते चार माझं केंद्र बंद असतं. बायका जेवतात, काटा रिकामा असतो. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी आपला चार्ट घेऊन या. त्यातली प्रत्येक वाटी आणि प्रत्येक पोळी आपण मिळून मोजू, आणि जे आकडे येतील ते तुम्ही तुमच्या चार्टमध्ये घाला. मीही ते माझ्या दरपत्रकावर छापीन.

आपली,
नौपाड्यातली एक पोळी-भाजी केंद्रवाली